फादर पोहोचेपर्यंत कॅथलिक आजींच्या उशाशी काय म्हणावं?

ताई, तुमच्या समोरच्या दारातल्या कॅथलिक आजी अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांची मुलं परदेशात आहेत. रात्री-अपरात्री वेळ आली आणि फादर पोहोचले नाहीत, तर आपण हिंदू शेजाऱ्यांनी काय म्हणायचं, आपण म्हटलेलं चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल, अगदी निःशंक मनाने म्हणा. संस्कार देण्याचा अधिकार फादरांचा, पण मरणाऱ्या माणसाच्या उशाशी प्रार्थना करायला धर्मगुरूची दीक्षा लागत नाही. फादर नसतील तेव्हा जवळच्या माणसांनीच ती करायची असते.

पण त्याआधीचं एक काम आजच करा. आजी कुठल्या चर्चमध्ये जायच्या ते विचारून तिथल्या फादरांना फोन लावा. तुम्ही वानवडीत राहता म्हणजे बहुधा एम्प्रेस गार्डनजवळचं सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रल असेल, पण जुनी पुणेकर गोवन मंडळी कितीही लांब राहायला गेली तरी क्वार्टर गेटच्या सिटी चर्चलाच धरून असतात. ते चर्च 1792 चं, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलेलं. तेव्हा अंदाज न बांधता आजींनाच विचारा.

आजच का, तर आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार जिवंत माणसासाठी असतो, प्राण गेल्यावर तो देत नाहीत. पूर्वी तो अगदी शेवटच्या घटकेलाच द्यायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये स्पष्ट केलं की तो फक्त मरणपंथाला लागलेल्यांसाठी नाही, दुखण्याने किंवा म्हातारपणाने जिवाला धोका दिसू लागला की तीच त्याची योग्य वेळ. 1972 मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा विधी मंजूर केला. फादर कपाळावर आणि तळहातांवर तेल लावतात आणि प्रभूने तुला पापातून सोडवावं, उठवून उभं करावं, अशी प्रार्थना करतात. म्हणजे ती बरं होण्याचीही प्रार्थना आहे. तरीही आम्हा कॅथलिकांच्याच मनात भीती बसलेली, की फादर तेल घेऊन घरात आले म्हणजे आता आशा सोडली. त्या भीतीपायी घरचे फोन लांबवत राहतात आणि माणूस तेलाविना जातो. मला याचं फार वाईट वाटतं. आजी शुद्धीवर असताना फादर आले तर त्या पापनिवेदन, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली, करू शकतील, कम्युनियन, म्हणजे येशूचं शरीर मानलेली पवित्र भाकर, घेऊ शकतील. शेवटच्या प्रवासाची शिदोरी म्हणून चर्च जे देतं ते तेल नव्हे, हे कम्युनियनच.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर. फादरांना फोन करा, मुलांना करा आणि आजींजवळ बसा. लांबलचक काही वाचू नका. विधीच्या पुस्तकातही छोटी छोटी वाक्यं दिली आहेत आणि ती हळू आवाजात दोन-तीनदा म्हणावीत असं सांगितलंय. ‘येशू, मारिया, योसेफ’ एवढी तीन नावं पुरतात. संत योसेफ हा आमच्याकडे चांगल्या मरणासाठी मागणं मागण्याचा संत, कारण त्याला मरण आलं ते येशू आणि मारियेच्या सोबतीत, अशी श्रद्धा आहे. किंवा क्रुसावर येशूने शेवटी म्हटलं ते, ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ किंवा तेविसावं स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’.

आणि ‘नमो मारिये’, येशूच्या आईला केलेली प्रार्थना. आजींनी जपमाळेत आयुष्यभर ही प्रार्थना हजारो वेळा म्हटली असेल. तिच्या शेवटी ‘आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर’ असं मागणं आहे. शब्दांत थोडाफार फरक असेल, त्याची काळजी नको. भाषा मात्र विचारून ठेवा. गोव्याच्या असतील तर त्या ‘नमान मोरिये’ म्हणत वाढलेल्या असणार. पुण्यात कोणी इंग्रजीत प्रार्थना करतं, कोणी कोकणीत, कोणी तमिळमध्ये, आमच्यासारखे श्रीरामपूरकडचे मराठीत. लहानपणी आईने शिकवलेली असेल तीच भाषा शेवटी कानात शिरते.

आमच्या पॅरिशमधून, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चकडून, आम्ही आजाऱ्यांच्या भेटीला जातो. खडकीतल्या एका निवृत्त कामगाराच्या घरी नातू मोबाईलवरून इंग्रजी लिटनी, म्हणजे विनवण्यांची लांबलचक माळ, भराभर वाचत होता, आजोबा निपचित. सुनेने त्याला थांबवलं, कानाशी वाकली आणि मराठीत एकेक शब्द सावकाश म्हणू लागली. थोड्या वेळाने आजोबांचा अंगठा तर्जनीवर सरकायला लागला, मणी ओढावा तसा. हातात माळ नव्हतीच. मग आम्ही ती दिली.

आजींच्या हातात छोटा क्रूस द्या, किंवा त्यांना दिसेल असा धरा. कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करा; बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्या कपाळावर हीच खूण केलेली असते. पवित्र पाणी घरात असेल तर थोडं शिंपडा. तुमच्याकडे गंगाजल तोंडात घालतात तसं हे घालू नका. गिळता येत नसेल तर ठसका लागतो.

फादर नाहीच आले तर आजींचं काय, ही धास्तीही तुमच्या प्रश्नात आहे. चर्चची शिकवण अशी, की देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप केला आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निश्चय असला, तर क्षमा मिळते. म्हणून पश्चात्तापाचं एखादं साधं वाक्य त्यांच्या वतीने मोठ्याने म्हणा, ‘देवा, माझं चुकलं, माझ्यावर दया कर’, म्हणजे त्या मनातल्या मनात साथ देतील. 2020 च्या मार्चमध्ये, कोविडमुळे फादरांना वॉर्डात शिरताच येत नव्हतं तेव्हा, व्हॅटिकनने जाहीर केलं, की ज्यांना तेल मिळू शकत नाही पण ज्यांनी आयुष्यभर प्रार्थना केली आहे, त्यांना मरणाच्या घटकेला पापांच्या शिक्षेची पूर्ण माफी आहे. जवळ क्रूस ठेवावा, असंही त्यात सुचवलं होतं. त्या दिवसांत आमच्या ओळखीची कितीतरी माणसं फादरांविना गेली. त्यांच्या घरच्यांना या घोषणेचा केवढा आधार वाटला, ते मी पाहिलंय.

प्राण गेल्यावरही फादरांना बोलवा. तेल लावणार नाहीत, पण संतांनी आणि देवदूतांनी या जिवाला सामोरं येऊन देवापाशी न्यावं, ही प्रार्थना ते म्हणतील. ते येईपर्यंत तुम्ही ‘नमो मारिये’ म्हणत राहा, मुलं व्हिडिओ कॉलवर असतील तर त्यांनाही म्हणू द्या. मुलांचे नंबर आजच फादरांना देऊन ठेवा, म्हणजे दफनाचं ते परस्पर ठरवतील आणि तो भार तुमच्या एकटीवर येणार नाही.