वाचकांचे प्रश्न : घाटात इंजिन ओरडते, जिप्सी मात्र ढिम्म

प्रश्न : माझ्याकडे 2006 सालची मारुती जिप्सी किंग आहे. शेताकडचा रस्ता चढाचा आणि पावसाळ्यात चिखलाचा असल्यामुळे तिच्यावाचून भागत नाही. गेल्या महिन्यापासून आंबा घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही आणि जळका वास येतो. दीड वर्षापूर्वीच एका गॅरेजमधून क्लच प्लेट बदलून घेतली होती. आता हे काम मी आणि माझे मेहुणे घरच्या शेडमध्ये करू शकू का?
– एक वाचक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : ही लक्षणे क्लच घसरत असल्याची, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपर्यंत पूर्ण पोचत नसल्याची आहेत, परंतु गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी दहा मिनिटांची एक तपासणी करावी. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. केबल प्रमाणाबाहेर ताणलेली असेल, तर पेडलवर पाय नसतानाही रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारे बेअरिंग) प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेटला इंजिनामागच्या जड चकतीवर (फ्लायव्हीलवर) दाबून धरणाऱ्या भागावर, दाब देत राहते आणि चांगली प्लेटसुद्धा घसरू लागते. पेडल हाताने अलगद दाबून पाहावे. सुरुवातीची थोडी चाल मोकळी लागली पाहिजे. ती लागत नसेल, तर गिअरबॉक्सकडील टोकाचा नट सैल करून, पुस्तिकेत दिली आहे तेवढी चाल ठेवावी आणि पुन्हा घाट चढून पाहावा.

एवढे करूनही क्लच घसरला, तर गिअरबॉक्स उतरवणे आले. ते घरी करता येते, आणि या बाबतीत जिप्सी मालकावर मेहेरबान आहे. अनेक फोर-व्हील गाड्यांत ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी) गिअरबॉक्सलाच जोडलेली असल्यामुळे सगळे धूड एकदम खाली घ्यावे लागते. जिप्सीत ती चासीवर वेगळी बसवलेली असते आणि मधला आखूड प्रोपेलर शाफ्ट सोडवला की गिअरबॉक्स एकटा मोकळा होतो. शेडची जमीन मात्र कोब्याची हवी, कारण मातीत जॅक स्टँड रुततात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये.

बॅटरीची तार काढावी, गिअरऑइल उतरवावे, आतून गिअर लिव्हर काढावा, मग शाफ्ट, स्टार्टर, रिव्हर्स लाइटची तार आणि क्लच केबल सोडवावी. गिअरबॉक्सखाली फळी ठेवून जॅकचा आधार दिल्यावरच क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी) आणि बेल हाउसिंगचे (क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या आवरणाचे) बोल्ट काढावेत. नवे सामान या आधी विकत आणू नये, कारण दीड वर्षात प्लेट का गेली याचे उत्तर आतच आहे.

गिअरबॉक्स मागे सरकला की प्रथम टॉर्चच्या उजेडात बेल हाउसिंगचा तळ पाहावा. तेथे तेल असेल, तर ते बोटावर घेऊन वास घ्यावा. गंधकासारखा उग्र वास गिअरऑइलचा, म्हणजे गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले. तसा वास नसलेले काळे तेल बहुधा इंजिनाचे, म्हणजे क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले, आणि त्यासाठी फ्लायव्हीलही काढावे लागते. सील न बदलता बसवलेली नवी प्लेट तेल पिऊन पुन्हा घसरणारच. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक चिरा दिसल्या, तर ते लेथवर दाखवून फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावा; तुमच्या गॅरेजने हेच टाळले असावे, असा माझा कयास आहे. आतली धूळ हवा मारून उडवू नये; जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्यानेच पुसावी.

प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलावीत. फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसलेले छोटे बेअरिंग बोटाने फिरवून पाहावे आणि खरखरले तर तेही बदलावे. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे हे बहुधा तिच्यावरच छापलेले असते. मी एकदा घाईत प्लेट उलटी बसवली होती. गिअरबॉक्स चढला, सगळे बोल्ट आवळले, आणि मग पेडल तळाला टेकवूनही गिअर पडेना. तो सगळा रविवार पुन्हा गाडीखाली गेला.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळावेत, आणि त्यापूर्वी प्लेट बरोबर मध्यावर आणावी. त्यासाठी जुना इनपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून क्लच प्लेटमध्ये शिरणारा दांडा) किंवा लेथवर त्या मापाची करून घेतलेली लाकडी खुंटी पुरते. इनपुट शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) ग्रीसचा पुसट हात द्यावा. जास्त झाले तर ते फेकले जाऊन प्लेटवरच येते. गिअरबॉक्स चढवताना त्याच मापाच्या दोन लांब बोल्टांची डोकी कापून ते इंजिनात वळवून ठेवले, तर गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरळ सरकतो. तो कधीही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, नाहीतर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो. बोल्ट आवळून फट मिटवण्याचाही प्रयत्न करू नये. गिअरबॉक्स हाताने बसत नसेल, तर प्लेट मध्यावर नाही असे समजावे.

चिखलाच्या चढावर हाफ क्लचवर गाडी रेटण्याची सवय असेल, तर तीही सोडावी. जिप्सीच्या ट्रान्सफर केसचे प्रमाण हायमध्ये (नेहमीच्या चालीत) 1.409 आणि लोमध्ये (सावकाश, जोराच्या चालीत) 2.268 आहे, लो लावल्यावर चाकांना सुमारे दीडपट जोर मिळतो आणि क्लच पूर्ण सोडूनही गाडी सावकाश चढते.

प्रश्न : माझी जुनी महिंद्रा जीप पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. आता इंजिन चालू होते, पण क्लच दाबूनही गिअर करकरतो आणि पडत नाही. क्लच बदलावा का?
– एक वाचक, भोर

उत्तर : एवढ्यात नको. ओढ्यातून किंवा चिखलातून आणून तशीच उभी केलेल्या गाडीची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. पेडलपासून क्लचच्या फोर्कपर्यंतची जोडणी पूर्ण हालते आहे, याची आधी खात्री करावी. मग इंजिन चांगले तापवून बंद करावे आणि मोकळ्या, सपाट मैदानात पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारावा. गाडी चालू लागेल. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा आणि सोडावा. चार-सहा हिसक्यांत प्लेट बहुधा सुटते. थांबायचे झाल्यास ब्रेक दाबून इंजिन बंद करावे लागेल, म्हणून समोर भिंत, माणूस वा जनावर नसावे. प्लेट सुटली नाही, तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. तेव्हा बेल हाउसिंगच्या तळाचे पाणी निघण्याचे भोक चिखलाने बुजले असल्यास ते तारेने मोकळे करून घ्यावे.