राजकीय उपहासाची कादंबरी पॉडकास्टवर क्रमशः द्यावी का?

तुमचा प्रश्न असा: राजकारणावरची उपहासात्मक कादंबरी लिहून झाली आहे, तीन प्रकाशकांनी ती परत केली आहे. आता तीच पॉडकास्टवर एकेक प्रकरण वाचून दिली तर काही उपयोग होईल का? आणि एकदा फुकट ऐकवल्यावर पुस्तक विकत कोण घेईल?

द्या. पण कागदावर आहे तशी देऊ नका. हे मी अनुभवानं सांगते. सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीवरची माझी कादंबरी मी पंचवीस भागांत वाचली, आणि त्यातले पहिले चार भाग मला पुन्हा लिहून पुन्हा रेकॉर्ड करावे लागले.

आधी एक उदाहरण सांगते, कारण तुमची गोष्ट त्याच्याशी फार जुळते. कॅनडातले टेरी फॉलिस शिक्षणानं इंजिनिअर. तरुणपणी त्यांनी ओटावात राजकीय कर्मचारी म्हणून काम केलं, नंतर जनसंपर्काच्या व्यवसायात आले. त्यांनी ‘द बेस्ट लेड प्लॅन्स’ ही संसदीय राजकारणावरची विनोदी कादंबरी लिहिली. राजकारणाला विटलेला एक भाषणलेखक पक्ष सोडायला निघालाय, पण जाण्याआधी हमखास पडणाऱ्या मतदारसंघात उमेदवार उभा करायची जबाबदारी त्याच्या गळ्यात आहे. तो एका स्कॉटिश प्राध्यापकाला राजी करतो. प्राध्यापकाची अट अशी की इंजिनिअरिंगच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं त्याचं काम याने करावं, आणि प्रचाराचं नाव काढू नये. मग विरोधातला लोकप्रिय मंत्री लफड्यात सापडतो आणि हरायला उभा राहिलेला माणूस निवडून येतो.

ही कादंबरी प्रकाशकांनी घेतली नाही. फॉलिस आधीपासून आपल्या व्यवसायावरचा एक पॉडकास्ट करत होते, म्हणजे माइक घरात होता आणि तंत्रही माहीत होतं. २००७ मध्ये त्यांनी स्वतःच्या आवाजात एकेक प्रकरण वाचून फुकट द्यायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांच्या प्रतिसादानं बळ आलं, तेव्हा स्वतःच्या पैशानं पुस्तक छापलं. त्या छापील पुस्तकाला २००८ मध्ये विनोदी लेखनाचं स्टीफन लीकॉक पदक मिळालं. हे पदक कॅनडात १९४७ पासून दिलं जातं. त्यानंतर मॅक्लेलँड अँड स्टुअर्ट या मोठ्या प्रकाशन संस्थेनं कादंबरी घेतली. २०११ मध्ये ती ‘कॅनडा रीड्स’ या रेडिओवरच्या पुस्तकांच्या स्पर्धेत जिंकली आणि २०१४ मध्ये तिच्यावर सहा भागांची टीव्ही मालिका आली.

यातून ‘पॉडकास्ट केला की प्रकाशक मिळतो’ असा अर्थ कृपया काढू नका. पदक छापील पुस्तकाला मिळालं. पॉडकास्टनं त्यांना दिले ते ऐकणारे, आणि ही गोष्ट लोकांना आवडते याची खात्री. तुम्हाला आत्ता नेमकं तेच हवं आहे. तीन प्रकाशकांनी नाही म्हटलं म्हणजे तीन माणसांनी नाही म्हटलं. वाचकांनी अजून काहीच म्हटलेलं नाही.

त्या कथेत आणखी एक शिकण्यासारखं आहे. मतदारसंघ काल्पनिक आहे, आणि विनोद कुणा एका नेत्याच्या चालण्याबोलण्यावर उभा नसून परिस्थितीवर उभा आहे. हरण्यासाठी उभा राहिलेला माणूस जिंकतो, हे कोणत्याही काळात, कोणत्याही पक्षात कळतं. म्हणून सात वर्षांनंतरही ती टीव्हीवर चालली. तुमची कादंबरी जर गेल्या दोन वर्षांतल्या बातम्यांवर उभी असेल, तर शेवटचा भाग येईपर्यंत पहिला शिळा होईल. पंचवीस आठवडे म्हणजे सहा महिने. आपल्याकडे सहा महिन्यांत कोण कुठल्या गटात असेल हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही.

आता कानासाठी पुन्हा लिहिणं म्हणजे काय, ते सविस्तर सांगते, कारण माझी सगळ्यात जास्त मेहनत तिथेच गेली.

माझ्या कादंबरीत आबा, आप्पा, अण्णा आणि अक्का अशी चार मुख्य माणसं होती. आमच्याकडे घराघरात हीच नावं, त्यामुळे लिहिताना काही खटकलं नाही. कागदावर डोळा ती सहज वेगळी करतो. पहिला भाग ऐकून माझ्या मामेबहिणीचा फोन आला, ‘अगं, ऊस कुणाचा जळाला, आबांचा की आप्पांचा?’ सगळ्या कथेचा सांधा त्या जळालेल्या उसात होता, आणि तोच निसटला होता. मग आप्पांचे तात्या केले, अण्णांचे भाऊसाहेब केले, अक्कांच्या वाटेला प्रत्येक वेळी येणारं एक पालुपद दिलं. पहिल्या भागात अकरा माणसं येत होती, ती चारवर आणली. ऐकणारा पान मागे उलटू शकत नाही. तो भाकरी थापत असतो किंवा एसटीत उभा असतो.

दुसरी अडचण अवतरणचिन्हांची. उपहास लिहिताना आपण ‘विकास’ किंवा ‘जनसेवा’ असे शब्द अवतरणात टाकतो आणि वाचकाला खूण पटते. कानाला अवतरण दिसत नाही. त्या शब्दावर आवाज वाकडा केला तर दोन भागांत कंटाळा येतो. मी अशी प्रत्येक जागा शोधली आणि तिथे एक प्रसंग घातला. ‘त्यांनी गावाचा ‘विकास’ केला’ हे वाक्य काढलं. त्याऐवजी स्मशानभूमीच्या शेडचं उद्घाटन तीन वेळा, तीन वेगवेगळ्या पाहुण्यांच्या हस्ते झालं, एवढं सांगितलं. ते वाचताना आवाजात काहीच करावं लागलं नाही.

आणि आवाजाचं म्हणाल तर गंभीरपणे वाचा. माझे वडील कारखान्याच्या शेतकी ऑफिसात होते, लहानपणी मी त्यांच्याबरोबर वार्षिक सभांना गेले आहे. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ इथपासून ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा करणे’ इथपर्यंत सचिव एका सुरात वाचत जायचे आणि मंडपात मागे खुर्च्या उडत असायच्या. सभेच्या प्रकरणात मी तोच सूर लावला, एकही शब्द न वाढवता. सगळ्यात जास्त लोकांनी त्याच भागाबद्दल लिहिलं. आपल्याकडे हे नवीन नाही. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केलं, तेव्हा लोक हसले ते सांगणारा आपल्या माणसांना खरं मानत होता म्हणून. क्रमशः हा प्रकारही आपला जुनाच आहे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून अशाच तुकड्यातुकड्यांनी लोकांपर्यंत पोचल्या.

संवादांना ‘तो म्हणाला’, ‘त्या म्हणाल्या’ जोडा. छापील पानावर सलग दहा वाक्यं बोलणाऱ्याच्या नावाशिवाय चालतात, इथे तिसऱ्या वाक्याला गोंधळ होतो. पात्रांना थोडा वेगळा आवाज दिला तर चालेल, पण खऱ्या नेत्याची नक्कल करू नका, अगदी जमत असली तरी. माझा याला ठाम विरोध आहे. एक म्हणजे नक्कल आली की तुमचं पात्र मरतं आणि लोक फक्त त्या नेत्याला ऐकतात. दुसरं म्हणजे कायद्याचा धोका. अब्रुनुकसानी आपल्याकडे फौजदारी गुन्हाही आहे. आधी भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० ही कलमं होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ हे सुरुवातीला जरूर म्हणा, पण व्यक्ती स्पष्ट ओळखू येत असेल तर तेवढ्या वाक्यानं संरक्षण मिळत नाही. जात आणि देवधर्म यांवरच्या जागा वकील मित्रमैत्रिणीला एकदा वाचायला द्या. मी दिल्या, आणि एक पान बदललं. त्यानं कादंबरीचं काही बिघडलं नाही.

तंत्राचा भाग तुम्हाला वाटतो तेवढा अवघड नाही. मी मिनिटाला साधारण १२० शब्द वाचते. माझी कादंबरी साठ हजार शब्दांची, म्हणजे आठ तासांहून थोडं जास्त, प्रत्येकी वीस मिनिटांचे पंचवीस भाग. तासाभराच्या तयार ध्वनीमागे चार तासांचं काम धरा. यूएसबीचा साधा माइक, ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर, कपड्यांचं उघडं कपाट आणि दारावर गोधडी, एवढ्यावर झालं. पंखा मात्र बंद ठेवा, आणि पहाटे वाचा. गाजलेल्या गाण्याची धून सुरुवातीला लावायचा मोह टाळा, तिचे हक्क तुमचे नाहीत. मी ओळखीच्या एका मुलाकडून हलगीचे दहा सेकंद वाजवून घेतले, त्याची लेखी परवानगी घेतली आणि त्याला पैसे दिले.

पॉडकास्ट चढवताना त्याचा प्रकार ‘सिरीयल’ निवडायला विसरू नका. नाहीतर नव्या माणसाला सगळ्यात ताजा भाग वर दिसतो आणि तो सतराव्या भागापासून सुरू करून निघून जातो. प्रत्येक भागाआधी अर्ध्या मिनिटाचं ‘मागच्या भागात’ हवंच. आणि किमान आठ भाग तयार असल्याशिवाय पहिला सोडू नका. माझा घसा नवव्या आठवड्यात बसला, साठा होता म्हणून निभावलं. मराठीत ऐकणारे येतात ते बहुतेक व्हॉट्सॲपवरून, म्हणून प्रत्येक भागातला दीड-दोन मिनिटांचा एक तुकडा वेगळा काढून ठेवा.

आता फुकटचा प्रश्न. पंचवीस आठवडे ज्यांनी तुमची माणसं ऐकली, त्यांना ती घरात ठेवावीशी वाटतात. माझं पुस्तक नंतर जिल्ह्यातल्याच एका छोट्या प्रकाशकानं काढलं, आणि पहिल्या आठवड्यात ज्यांनी मागवलं त्यातले बरेचसे जण आधी सगळं ऐकून झालेले होते. काहींनी वडिलांसाठी घेतलं, कारण वडिलांना कानाला लावून ऐकायची सवय नाही. फॉलिस यांनीही प्रकाशक मिळाल्यावर हे थांबवलं नाही, पुढच्या कादंबऱ्याही त्यांनी प्रकरणाप्रकरणानं वाचून दिल्या. फक्त कुठल्याही ॲपला एकट्यालाच हक्क देणारा करार घाईनं करू नका. पुढे प्रकाशकाशी बोलताना छपाईचे हक्क आणि ध्वनीचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, आणि पॉडकास्ट आधीच प्रसिद्ध आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

या आठवड्यात एवढं करा. पहिलं प्रकरण मोबाइलवर सलग वाचून रेकॉर्ड करा आणि घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याला राजकारणात रस नाही. तुम्ही खोलीत थांबू नका. नंतर त्यांना एकच विचारा: यात कोण कोण होतं आणि कुणाला काय हवं होतं? ते जिथे अडखळतील तिथून पुन्हा लिहायला घ्या.