फ्रूट बिअरमध्ये एवढं आवडण्यासारखं काय असतं?

‘फ्रूट बिअर म्हणजे गोड सरबतच ना, मग लोक ती एवढ्या चवीने का पितात?’ असं तुम्ही विचारलंय. आमची वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे, तेव्हा मी फळाच्या बाजूनेच सांगतो.

आमच्याकडे पानठेल्यावर ‘फ्रूट बिअर’ म्हणून जी बाटली मिळते, तो गोड सोडा. त्यात दारू नसतेच. तुम्ही तीच प्यायला असाल तर तुमचं बरोबर आहे. खऱ्या बिअरमध्ये फळ मुरवलं की उलट होतं. फळातली साखर यीस्ट खातं, गोडी उतरते, आंबटपणा आणि वास मागे राहतो. मोहफुलांचा सडवा, म्हणजे दारूसाठी आंबवत ठेवलेली फुलं, ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. फुलं एवढी गोड, पण सडवा आंबूस.

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास ‘क्रीक’ नावाची चेरीची बिअर करतात. थंडीच्या दिवसांत धान्याचा उकळलेला रस उघड्या, उथळ भांड्यात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतलंच यीस्ट त्यात उतरतं. मग लाकडी पिंपात मुरवून आंबट चेरी घालतात, अनेकदा बियांसकट. भाच्याने एकदा बाटली आणली होती. रंग आमसूल भिजवलेल्या पाण्यासारखा, पहिल्या घोटाला दात आंबले, मग मात्र ग्लास खाली ठेववेना.

पण माझा खरा जीव गव्हाच्या बिअरवर. बेल्जियन पद्धतीत तिच्यात संत्र्याची साल आणि धने पडतात. पुण्यात ती पहिल्यांदा प्यायलो तेव्हा ग्लास नाकाशी नेला आणि तोड्याच्या दिवसांतली माझीच बोटं आठवली. रात्री जेवायला बसलं तरी हाताचा वास जात नाही, तो वास!

घरी करून पाहा. साधी गव्हाची बिअर गार करा. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरताना फुलणाऱ्या बहाराच्या, ताज्या संत्र्याची साल घ्या, केशरी बाजू ग्लासकडे धरून वाकवा. बारीक फवारा उडतो, तेल जिथे पडेल तिथे फेस विरतो आणि वास वर येतो. रस पिळू नका, आपल्या संत्र्याचा रस थोडा वेळ ठेवला की कडू होतो. आंबियाचं फळ जरा आंबटसर, म्हणून मला पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराच्या फळापेक्षा तेच पसंत. ऑक्टोबरपासून बाजारात येतं.

वर्ध्याचे किंवा गडचिरोलीचे असाल तर तिथे दारूबंदी आहे. मग गार सोड्यावर साल दाबा, वास तोच येतो.