बास्केटबॉलवर पोरीचं पोट भरेल का?

प्रश्न : ताई, माझी पोरगी नववीत आहे. उंची पाच फूट नऊ इंच. शाळेकडून विभागीय स्पर्धेपर्यंत खेळून आली. बास्केटबॉलच खेळणार, अमेरिकेच्या लीगमध्ये जाणार म्हणते. आमची कोरडवाहू शेती, पऱ्हाटी अन् तूर. पाहुणे म्हणतात, दहावी झाली की खेळ बंद करा. यावर पोट भरते का?
– एक वडील, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, खेळ बंद करू नका. दहावीनंतर तर मुळीच नाही.

आधी अमेरिकेचं सांगते. डब्ल्यूएनबीए ही तिथली बायकांची व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिचे सामने १९९७ साली सुरू झाले. २०२५ मध्ये तिथे १३ संघ होते, एका संघात फार तर १२ जणी. सगळ्या जगातून एवढ्याच. त्या वर्षी किमान पगार ६६ हजार डॉलरच्या आसपास होता. मोसम काही महिन्यांचा, म्हणून उरलेल्या काळात कित्येक जणी तुर्की, चीन, ऑस्ट्रेलियाच्या क्लबांकडून खेळत आल्या. अमेरिकेची खेळाडू डायना टौरासी हिच्याकडे ऑलिम्पिकची सहा सुवर्णपदकं आहेत. तिने २०१५ चा अख्खा अमेरिकन मोसम सोडला, कारण तिच्या रशियन क्लबने आराम करण्यासाठीच तिला अमेरिकेतल्या पगारापेक्षा जास्त पैसे दिले. एवढ्या मोठ्या खेळाडूला हे करावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

पोरीला गीतू अ‍ॅना जोसबद्दल जरूर सांगा. केरळची, दक्षिण रेल्वेत नोकरीला. ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या चाचण्या देऊन आली. तिथे निवड झाली नाही, पण हाताशी नोकरी होती, भारताचा संघ होता. पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे पोट भरतं ते असं, खेळाच्या जोरावर मिळालेल्या नोकरीवर. रेल्वेत खेळाडूंची भरती असते, राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी होते, म्हणून तालुक्यापासूनचा प्रत्येक कागद जपून ठेवा. बारावीनंतर काय, यासाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिला एकदा दाखवून आणा, तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे. पदवी हवीच, कारण तिशीनंतर शरीर साथ देईलच असं नाही.

आणि गुडघा. एसीएल नावाचा गुडघ्यातला बंध मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, बहुतेकदा कुणाचा धक्का न लागता, उडीवरून खाली येताना किंवा एकदम वळताना. आमच्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी यातच खेळातून गेली. गावात सगळे मुरगळलं म्हणाले, तेल चोळत राहिले, डॉक्टरकडे नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुमच्या पोरीला उडीनंतर दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवा. गुडघे एकमेकांकडे झुकायला नकोत. सराव घेणाऱ्या सरांना हे रोज बघायला सांगा. गुडघ्यात कट्‌ आवाज येऊन सूज आली, तर चोळू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

चेंडू घ्यायचा असेल तर ६ नंबरचा घ्या. मुलींच्या सामन्यात तोच असतो.