अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या होडीचा रंग सारखा सुटतो, टिकेल असा रंग कसा द्यावा?

तुमची होडी १४ फुटी, रिव्हेट मारलेली आहे. दोनदा ऑइलपेंट देऊनही पापुद्रे सुटले, आणि आता ती धरणातून काढून दाभोळच्या खाडीत न्यायची आहे. रंग महाग घेऊ की स्वस्त, हा तुमचा प्रश्न खरं तर दुसऱ्या नंबरचा आहे. रंग सुटतो तो पत्र्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच हा थर धरू लागतो आणि ऑइलपेंट त्याला घट्ट चिकटत नाही. म्हणून घासणं आणि पहिला प्रायमर यांत जास्तीत जास्त चार तास जाऊ द्या. आज घासून उद्या प्रायमर लावायचा असेल, तर उद्या पुन्हा घासा.

पण त्याआधी गळती बघा. होडी जमिनीवर ठेवून आत ३-४ इंच पाणी भरा. हे पाणी तीन-चारशे किलो भरतं, त्यामुळे तळाखाली वाळूच्या पोत्यांचा भक्कम आधार हवा, नाहीतर पत्रा वाकेल. बाहेरून जिथे थेंब येईल तिथे मार्करने खूण करा. ढिला रिव्हेट दोघांनी मिळून घट्ट करायचा: एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने ठोकायचं. बदलावाच लागला तर बंद टोकाचा पॉप रिव्हेट घ्या, साध्याच्या मधल्या भोकातून पाणी येतं. सांधे पॉलियुरेथेन सीलंटने भरा. सिलिकॉन अजिबात नको, त्यावर कुठलाच रंग बसत नाही.

आतल्या प्लायवूडच्या फळ्याही उचलून पाहा. ओल्या लाकडाखाली पांढरी भुकटी आणि खड्डे सापडतात, कारण तिथे पत्रा कधी वाळतच नाही. नवीन लाकूड घालताना तांब्याचं रसायन मुरवलेलं घेऊ नका.

जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर उघड्या जागेत, जाड थराने लावा, वर प्लॅस्टिक पसरून १५-२० मिनिटं ठेवा आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. कॉस्टिक सोडा असलेलं काहीही वापरू नका, तो अ‍ॅल्युमिनियमच खातो. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे तिथेच गंजाचे डाग आणि खड्डे पडतात. उरलेलं ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रिव्हेटभोवती हिरवा नायलॉनचा स्क्रबर चालतो. जुन्या होडीचा सर्वांत खालचा थर पिवळट-हिरवा दिसला, तर तो झिंक क्रोमेटचा असू शकतो. त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, म्हणून तिथे पाणी घालूनच घासा आणि धुळीचा चांगला मास्क लावा.

आता तेल काढायचं. घासण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, थिनरने भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा. मग पाणी शिंपडून पाहा. सलग पसरलं तर ठीक. थेंब-थेंब गोळा झालं तर तेल राहिलं आहे. पत्रा पूर्ण वाळल्यावरच पुढे जा.

प्रायमर दोन भागांचा इपॉक्सीच घ्या आणि डब्यावर अ‍ॅल्युमिनियमसाठी चालतो असं लिहिलेलं बघून घ्या. काही पेंटर आधी अ‍ॅसिडचा वॉश प्रायमर मारतात. तो वाईट नाही, पण राहिलेलं अ‍ॅसिड वरच्या इपॉक्सीच्या हार्डनरला बिघडवू शकतं, त्यामुळे एकाच कंपनीची जोडी असल्याशिवाय मी ते सुचवणार नाही. लोखंडाचा रेड ऑक्साइड इथे कामाचा नाही. शिशाचा शेंदरी प्रायमर तर अ‍ॅल्युमिनियमला सडवतोच.

प्रायमर किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: डब्यावरच्या घन भागाच्या (व्हॉल्यूम सॉलिड्स, म्हणजे वाळल्यावर उरणारा भाग) टक्क्याला १० ने गुणा आणि वाळलेला थर जितक्या मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) हवा त्याने भागा, म्हणजे लिटरमागे चौरस मीटर मिळतात. ६० टक्के घन भाग आणि ५० मायक्रॉन थर असेल तर १२ चौरस मीटर. ब्रश-रोलरला वाया जाणारा रंग धरून ९ समजा. तुमच्या होडीची बाहेरची बाजू अंदाजे १० चौरस मीटर, म्हणजे दोन हातांना सव्वादोन लिटर. पाण्याखालच्या भागाला खाडीसाठी आणखी दोन हात द्या. खड्डे भरायचे ते पहिल्या हातानंतर, इपॉक्सी पुट्टीने. गाड्यांची पॉलिस्टर पुट्टी पाण्याखाली नको, ती पाणी शोषते.

कोकणात हे काम डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, सावलीत करा. पहाटेचं दव पत्र्यावरून पूर्ण गेलेलं हवं. संध्याकाळी लावलेल्या रंगावर रात्री दव पडून तो पांढुरका होतो. दोन हातांमध्ये डब्यावर दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ गेला तर हलकं घासल्याशिवाय पुढचा हात देऊ नका.

इपॉक्सी उन्हात भुकटीसारखी सुटते, म्हणून पाण्यावरच्या भागाला पॉलियुरेथेनचे दोन हात हवेत, फिका रंग उत्तम. तो स्वतः स्प्रे करू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. रोलर आणि वाफा अडवणारा मास्क वापरा.

तळाला शेवाळ आणि कालवं धरू नयेत म्हणून मच्छीमार वापरतात तो लाल-तपकिरी रंग तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीला तो ठीक, पण खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र आले की बॅटरीसारखं चालतं आणि तुमचा पत्रा झिजतो. एक ओरखडा पडला तरी पुरे. होडी रोज वर ओढत असाल तर या रंगाची गरजच नाही. पाण्यात उभी राहणार असेल तर तांबंविरहित, अ‍ॅल्युमिनियमसाठीचाच घ्या. सोबत एक झिंकचा ठोकळा उघड्या पत्र्याला थेट बोल्टने बसवा, म्हणजे पत्र्याऐवजी तो झिजतो, आणि त्याला रंग लावू नका. रंगवला तर तो कामच करत नाही. शेवटच्या हातानंतर होडी किमान सात दिवस कोरडी ठेवून मगच पाण्यात सोडा.