आरतीला दाराशी उभी राहिलेली लेक

प्रिय भगिनी,

खानापूर तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी एका ख्रिस्ती संस्थेच्या प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. यंदा गणपतीच्या आरतीला ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि आजीने हाक मारल्यावर म्हणाली, “मूर्तीपुढे हात जोडले तर देव रागावतो, असे टीचरने सांगितले आहे.” तेव्हापासून सासूबाई आपल्याशी धड बोलत नाहीत, दीर म्हणतात की नाव काढा आणि प्रकरण संघटनेकडे न्या, तर नोकरीसाठी गोव्यात असलेले यजमान फोनवर सांगतात की वर्ष वाया जाईल, गप्प बसा. आपण विचारले आहे, “या शाळेत घालून मी चूक केली का?”

नाही. गावच्या मराठी शाळेत एकाच खोलीत दोन इयत्ता बसतात, म्हणून आपण हा निर्णय घेतला; सीमाभागातल्या किती तरी घरांनी तो जड मनाने घेतला आहे. मिशनच्या शाळा आपल्या भागाला नव्याही नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात 1820 साली सुरू झाले, आणि अशा शाळांत शिकून संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावणाऱ्या पिढ्या आपण पाहिल्या आहेत.

मला काळजी वाटते ती दाराशी उभ्या राहिलेल्या मुलीची. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले. डबा उघडण्यापूर्वीच्या प्रार्थनेला ओठ हलवावेत की नाही, याची धास्ती मला दुसरीत वर्षभर होती आणि ती मी घरी कोणालाच सांगितली नाही, कारण हे विचारायचे कोणाला तेच कळत नव्हते. आपल्या लेकीने निदान तोंड उघडले, हे फार चांगले झाले. मुलाने कोणत्या उपासनेत भाग घ्यायचा हे ठरवणे आईवडिलांचे काम आहे. ते ओझे आठ वर्षांच्या जिवावर राहता कामा नये. म्हणून शाळेत जाण्याआधी तिला जवळ घ्या आणि सांगा, “तुझ्यावर कोणताही देव रागावलेला नाही. शाळेत प्रार्थना चालू असेल तेव्हा शांत उभी राहा, म्हटली नाहीस तरी चालेल. कोणी काही विचारले तर ‘आईला विचारून सांगते’ एवढेच म्हण.” आरतीला हात जोडण्याची सक्ती आपणही करू नका. लेक आपसूक आरतीला येईल.

त्यानंतर नेमके काय घडले ते शोधा, कारण ‘टीचरने सांगितले’ याचे तिसरीतल्या मुलांच्या तोंडी अनेक अर्थ असतात. कॅथलिक शाळांत साधारणपणे ख्रिस्ती मुलांना धर्मशिक्षणाच्या तासाला पाठवतात आणि इतर मुलांसाठी त्या वेळी नीतिशिक्षणाचा तास असतो. आपली मुलगी कोणत्या वर्गात बसते? मूर्तिपूजा करू नये असे सांगणाऱ्या बायबलमधल्या दहा आज्ञांच्या पाठाला ती बसली का, की बसमधल्या एखाद्या मैत्रिणीचे बोलणे तिने टीचरच्या नावावर सांगितले? तिची वही पाहा. वहीत चांगल्या शोमरोन्याची गोष्ट असेल, रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलणाऱ्या प्रवाशाची, तर ती सासूबाईंनाही वाचून दाखवा. तिच्यात घाबरण्याजोगे काही नाही. नाताळच्या नाटकात लेक देवदूत झाली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्याचा धर्म समजून घेणे वेगळे आणि त्याची उपासना करायला लावणे वेगळे.

ही दुसरी गोष्ट घडत असेल, तर कायदा आपल्या बाजूने अगदी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 च्या तिसऱ्या खंडानुसार, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. शाळा विनाअनुदानित असली तरी मान्यताप्राप्त आहे एवढे पुरते. मात्र प्रवेशाच्या वेळी भरलेला फॉर्म काढून बघा. घाईघाईत केलेल्या सहीत अशी संमती दिलेली असू शकते. आणि शांत उभे राहणे हा अपमान नव्हे, हे 1986 साली सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे: केरळातील एका लहान ख्रिस्ती पंथाची तीन मुले राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून शाळेने त्यांना काढले होते, आणि न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले.

आता दिरांविषयी. त्यांचा संताप मी समजू शकते, पण त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. अनुच्छेद 30 धार्मिक आणि भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना आपापल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देतो. कर्नाटकात आपण मराठी माणसे भाषिक अल्पसंख्याक आहोत, म्हणजे ज्या आधारावर ती ख्रिस्ती संस्था शाळा चालवते, त्याच आधारावर बेळगावात आपल्या मराठी संस्था उभ्या आहेत. त्या हक्कावर दगड मारताना आपण कोणाच्या अंगणात उभे आहोत, हे पाहिले पाहिजे.

म्हणून आधी मुख्याध्यापिकांना भेटा, शक्य असेल तर यजमान सुट्टीवर आले असताना दोघांनी मिळून, आणि लेकीला बरोबर नेऊ नका. जे घडले ते सांगा, त्यांचे ऐकून घ्या आणि अर्ध्या पानाचे पत्र द्या: आमच्या मुलीला धार्मिक शिक्षणाच्या तासाला व उपासनेला बसवण्यास आमची संमती नाही, तिला नीतिशिक्षणाच्या वर्गात बसवावे, आणि घरच्या पूजेविषयी तिच्या मनात भीती घालू नये. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शाळा कॅथलिक असेल, तर इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, असे भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच 2024 मध्ये आपल्या शाळांना कळवले आहे, याची आठवण नम्रपणे करून द्या. माझा अनुभव असा की बहुतेक सिस्टर एवढ्यावर खजील होऊन टीचरला बोलावून घेतात. तसे झाले नाही आणि मुलीला त्रास सुरू झाला, तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा आणि वर्ष संपताच शाळा बदला; तेव्हा यजमानांचे ‘गप्प बसा’ ऐकू नका.

सासूबाईंशी मात्र आजच बोला. नातीने आपला देव टाकला, असे त्यांना वाटते आहे. ती घाबरली होती, एवढेच त्यांना सांगा, आणि आज संध्याकाळी वात वळायला तिला त्यांच्याजवळ बसवा.

आपली,
ताई