घरी रुंद फूटपेग बनवायचेत? आधी बिजागरी बघ

तू विचारलंयस ते थोडक्यात असं की घोडबंदर रोडने रोज मोटरसायकलवरून येणंजाणं, पावसात गमबूट घातले की कंपनीच्या अरुंद रबरवाल्या पेगवरून (पाय ठेवायच्या दांडीवरून) पाय सटकतो, तयार मिळणारे रुंद पेग महाग आहेत आणि तुझ्या ब्रॅकेटला बसतही नाहीत. घरी चार इंची ग्राइंडर, हँड ड्रिल, छोटा वाइस आणि दोनतीन कानशी आहेत. तर घरी बनवता येतील का, आणि अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं की लोखंड.

येतील. मी स्वतःच्या गाड्यांसाठी आणि मित्रांसाठी मिळून आजवर सात जोड बनवलेत, बरेचसे ऐरोलीच्या घरी बाल्कनीत. पोटापाण्याला रबाळ्यात टूलरूममध्ये फिटर आहे त्यामुळे हात बसलेला आहे हे खरं, पण यातलं एकही काम असं नाही की जे तुला जमणार नाही. फक्त सगळे जण जिकडे लक्ष देतात ना, दाते कसे असावेत, शेप कसा दिसेल, ते या कामातलं सगळ्यात सोपं आहे. पेगचा जीव आहे बिजागरीत. पिनचं भोक, पिन आणि पेगची टाच जिथे ब्रॅकेटला टेकते ती जागा, या तीन गोष्टी नीट झाल्या तर वर नुसती सपाट पट्टी लावलीस तरी चालेल.

हे मी कशावरून सांगतोय ते ऐक. पहिला जोड मी २०१३ ला बनवला. दिसायला एकदम झकास, दाते धारदार, काळा रंग. पिनचं भोक हँड ड्रिलने एका बाजूने आरपार मारलं होतं, ते पलीकडे निघालं तेव्हा तिरकं आणि जरासं लांबट झालेलं, आणि टाच कानशीने घासताना पेग दिसायला सरळ यावा म्हणून जास्तच घासली गेली. दोन महिने काही कळलं नाही. मग पेग हळूहळू खाली झुकायला लागला आणि मी रोज बघून उद्या करू म्हणत राहिलो. मुरबाडमार्गे माळशेजला जाताना पावसात एका स्पीडब्रेकरवर पेगवर उभा राहिलो आणि डावा बूट त्या उतारावरून सरळ बाहेर गेला, पाय रस्त्याला घासला, घोटा मुरगळला, तीन आठवडे घरी. गाडी पडली नाही हे नशीब. मागून डंपर येत होता.

म्हणून आता बिजागरीचंच सविस्तर सांगतो. गाडीच्या ब्रॅकेटला दोन कान असतात, त्यात पेगची जीभ (आतल्या टोकाचा, भोक असलेला भाग) जाते आणि तिन्हीतून पिन. पेगवर वजन आलं की पेग पिनभोवती खाली फिरायला बघतो, आणि जिभेची खालची टाच आत दाबली जाऊन ब्रॅकेटला टेकते, म्हणून तो थांबतो. आता माप बघ. टाच पिनपासून समज १५ मिमी खाली आहे आणि तुझा पाय पिनपासून ६० मिमी बाहेर. म्हणजे चौपट. ९० किलोचा माणूस एका पायावर नुसता उभा राहिला तरी टाचेवर साडेतीनशे किलोच्या वर दाब येतो, खड्ड्यात आपटलं तर त्याच्या कितीतरी पुढे. आणि उलट बाजूने बघ, टाच १ मिमी झिजली किंवा जास्त घासली गेली तर १०० मिमीवरचं पेगचं टोक साडेसहा मिमीने खाली जातं. साडेसहा मिमी म्हणजे ओल्या रबरी बुटाला घसरगुंडीच.

त्यामुळे टाच नेहमी मिलीभर जास्त ठेवून सुरुवात करायची. पेग ब्रॅकेटमध्ये घालायचा, टाचेला परमनंट मार्कर फासायचा (आम्ही टूलरूममध्ये प्रशियन ब्लू लावतो, घरी मार्कर पुरतो), पेग आठदहा वेळा वरखाली करून दाबायचा, पिन काढून बघायचं. जिथला रंग पुसला गेला तेवढीच जागा टेकतेय. पहिल्यांदा एका कोपऱ्यात ठिपका दिसेल, तो बारीक कानशीने दोन हात मारून उतरवायचा, परत मार्कर, परत दाब. असं करत करत पूर्ण रुंदीवर रंग पुसला जायला लागला की टाच बसली. मला एका पेगला अर्धा-पाऊण तास लागतो, तुला दीड लागेल, लागू दे. शेवटी पेगचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा २-३ मिमी वर असलं पाहिजे, अगदी लेव्हल करू नकोस कारण पिन आणि टाच थोडी बसतातच. जास्त घासलं गेलंच तर टाचेवर वेल्डिंगचा थर मारून परत घासून आणता येतं, खाली वॉशर किंवा पत्र्याचा तुकडा सरकवायचा नाही, तो पहिल्या खड्ड्यात पडतो.

आता भोक. हे एकच काम बाहेर करून घे असं माझं स्पष्ट मत आहे. रबाळे, महापे, तुर्भे किंवा ठाण्यात वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत लेथवाले आहेत, जीभ आणि ब्रॅकेट दोन्ही घेऊन जा, पिलर ड्रिलवर ७.८ चं भोक मारून ८ चा रीमर (भोक नेमक्या मापाला गुळगुळीत करणारं हत्यार) फिरवून दे म्हणायचं (पिन ८ ची असेल तर, आधी व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या सरकत्या पट्टीने मोज). माझ्याकडून शेवटच्या वेळी दोन्ही पेगचे मिळून शंभर रुपये घेतले होते. घरीच करायचं असेल तर दोन्ही बाजूंनी गुण्या लावून मार्किंग कर, सेंटर पंच मार, आधी ४ मिमी आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं ड्रिल कर, मग मोठं. जिभेची रुंदी ब्रॅकेटच्या आतल्या मापापेक्षा दोनतीन दशांश मिमीच कमी हवी, त्याहून ढिली असेल तर पेग पुढेमागे खुळखुळतो आणि भोकं लांबट व्हायला लागतात.

पिन शक्यतो कंपनीचीच वापर. हार्डवेअरच्या दुकानातला पूर्ण आट्यांचा बोल्ट घालून बरेच जण मोकळे होतात, ते आटे कानशीसारखं काम करतात आणि दोन्ही कानांची भोकं खाऊन टाकतात. बोल्टच घालायचा झाला तर ८.८ मार्किंगचा, मधला सगळा भाग गुळगुळीत असलेला घे, आटे फक्त कानाच्या बाहेर यायला पाहिजेत, मागे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप न सुटणारा), आणि तो इतका आवळायचा नाही की कान दाबले जाऊन पेग जाम होईल. पेग वर आणि मागे दुमडलाच पाहिजे, आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत आला पाहिजे. फिक्स पेग गाडी झुकल्यावर रस्त्याला टेकला तर दुमडत नाही, गाडीलाच उचलतो आणि मागचं चाक सुटतं. कंपनीचा ब्रॅकेट आणि स्प्रिंग ठेवलीस तर दुमडायची दिशा आपोआप बरोबर येते, म्हणूनच मी ब्रॅकेटला कधी हात लावत नाही.

जीभ कशाची करायची? सोपा मार्ग म्हणजे भंगारातून तुझ्याच मॉडेलचा जुना पेग आण आणि बिजागरीकडचा भाग कापून घे. पण आधी चुंबक लाव. चिकटलं नाही तर तो बहुधा अ‍ॅल्युमिनियम आहे, वेल्डिंगचा विचार सोड. चिकटलं तर कोपऱ्याला ग्राइंडर लावून ठिणगी बघ, लांब पांढरट-पिवळ्या रेषा आल्या तर स्टील, आखूड लालसर आल्या तर बीड (कास्ट आयर्न). बिडाला साध्या रॉडने वेल्ड मारलंस तर शेजारून तडा जातो, लगेच नाही गेला तरी रस्त्यात जाईल. तसं निघालं तर २५ मिमीचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील, साधं लोखंड) बार घेऊन जीभ नवीनच घडव, जुना पेग फक्त मापाला ठेव.

इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं, घरच्या कामाला लोखंड. वजनाची काळजी वाटत असेल तर समज पेग गोल रॉडचाच केला, त्याचा हिशोब व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. २५ चा रॉड मीटरला ३.८६ किलो, ९० मिमीचा तुकडा ३५० ग्रॅमच्या आत, अ‍ॅल्युमिनियमचा तोच १२० ग्रॅम. दीडशे किलोच्या गाडीला हा फरक काही नाही. अ‍ॅल्युमिनियम चांगलंच असतं, एचई-३० म्हणजे ६०८२ ग्रेडचा टेम्पर केलेला बार असेल तर साध्या एमएसइतकी ताकद आरामात मिळते, पण भंगारातला बार कुठल्या ग्रेडचा आहे हे हातात घेऊन कळत नाही, खिडक्यांच्या सेक्शनचं मटेरियल नरम असतं, आणि वेल्ड केलं की सांध्याशेजारची ताकद उतरते. ते मिलिंगवाल्याचं काम. तुझ्या ग्राइंडरच्या दगडी व्हीलवर तर अ‍ॅल्युमिनियम अजिबात घासू नकोस, व्हील भरून जातं, तापतं आणि फुटू शकतं.

जाता जाता, कोणी २० मिमीचा गोल रॉड पुरतो म्हणालं तर ऐकू नको. वाकायच्या ताकदीत व्यास तीनदा गुणला जातो, २० चा २५ केलास की ताकद जवळजवळ दुप्पट.

आता वरचा भाग, जो तुला सगळ्यात आवडेल. ४० बाय ५ ची एमएस पट्टी घे, २५० मिमी लांब. कळंबोलीच्या स्टील मार्केटात एवढ्याशा तुकड्यासाठी कोणी उभं करणार नाही, तुझ्या एरियातल्या ग्रिल-गेट बनवणाऱ्याकडे असले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. पट्टीच्या बरोबर मधोमध लांबीला रेघ मार, तिच्यावर १२-१२ मिमीवर सेंटर पंच, आणि ८ मिमीची वीस भोकं मार. मग त्याच रेघेवरून कटिंग व्हीलने पट्टी उभी चिरायची. हातात दोन पट्ट्या येतात आणि दोन्हीच्या एका कडेला अर्धगोल खाचांचे दाते तयार, एक पट्टी डाव्या पेगची, एक उजव्याची, दोन्ही हुबेहूब सारख्या. कानशीने एकेक दाता पाडत बसायची गरज नाही. प्रत्येक पट्टीचे ९०, ५० आणि ९० असे तुकडे कर, ९० च्या दोन बाजू आणि ५० चं बाहेरचं टोक अशी चौकट जोडायची, पट्टी वाकवायला जाऊ नको, खाचेत मोडते. आतल्या बाजूला ६ मिमीची भिंत, तिला जीभ, आणि मधे एक बिनदात्याची आडवी पट्टी, ती दात्यांपेक्षा २ मिमी खाली. तळ उघडाच ठेव म्हणजे चिखल आणि पाणी खाली पडून जातं. ५० च्या पुढे रुंद करू नको, ब्रेक पेडलला आणि बुटाच्या टाचेला अडतं. दाते झाले की प्रत्येकाची धार कानशीने मोडायची. धारदार दाता गमबुटाचा तळ महिन्याभरात खातो, आणि सिग्नलला पाय खाली घेताना नडगीला लागला तर टाके पडतात.

वेल्डिंग तुझ्याकडे नाही तर ग्रिलवाल्याकडूनच घे, पण त्याच्यावर सोडून येऊ नकोस. जिथे जीभ भिंतीला जोडतोय तिथे दोन्हीच्या कडा तूच ग्राइंडरने ४५ अंशात उतरवून ने, म्हणजे वेल्ड आतपर्यंत जाईल, नाहीतर वरून फुगलेला छान दिसतो आणि आत पोकळ. आधी फक्त टाके (ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड) मारून घे, घरी आण, गाडीला लाव, ब्रेक पेडल पूर्ण दाबून बघ, गिअर वरखाली, किक असेल तर पूर्ण किक मारून बघ, सायलेन्सरला लागत नाही ना बघ, मग परत नेऊन पूर्ण वेल्ड. गाडीवर लावलेला असताना वेल्डिंग अजिबात करू देऊ नको, इलेक्ट्रिकल जातं. जुन्या पेगला झिंकचं प्लेटिंग असेल तर वेल्डच्या जागचं आधी घासून काढ, त्याच्या धुराने ताप येतो. टाच वेल्डिंगनंतरच घासायची, आधी घासलीस तर वेल्डने ओढ घेतल्यावर सगळं माप बदलतं.

झाल्यावर तपासणी. वेल्डला डिझेल फास, दहा मिनिटं थांब, कोरड्या फडक्याने पुसून घे आणि खडू घास. बारीकशी जरी चीर असेल तर तिथे खडूवर तेलाची रेघ उमटते. रेघ दिसली तर तो वेल्ड घासून काढून परत मारायचा, वरून अजून एक थर देऊन झाकायचं नाही. मग गाडी मेन स्टँडला, कोणीतरी हँडल धरेल, एकेका पेगवर पूर्ण वजनाने उभा राहून हलके हलके दाब दे. पहिले पन्नास किलोमीटर झाल्यावर पिन काढून टाच बघायची, चकाकणारी जागा पूर्ण रुंदीची असेल तर काम फत्ते.

रंग काही टिकत नाही, बुटाने महिन्याभरात जातो. रबाळ्यात प्लेटिंगवाले आहेत, झिंक करून घे, खाडीच्या हवेत त्याने बराच फरक पडतो. पिन मात्र प्लेटिंगला देऊ नको, कडक केलेली पिन त्याने ठिसूळ होऊ शकते. तिला ग्रीस, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा.

ड्रिल करताना हातमोजे घालू नको, बिट मोज्यासकट बोट ओढतं. ग्राइंडरला गार्ड आणि डोळ्यांना गॉगल दोन्ही लागतात, सोसायटीत ग्राइंडिंग दुपारी चारच्या पुढे करत जा. आणि मागे बसणाऱ्याचे फूटरेस्ट काढायचा मोह झाला तर काढू नकोस, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ क्रमांकाच्या नियमाने ते, हँडग्रिप आणि साडीगार्ड गाडीला असलेच पाहिजेत.

पट्टी विकत घ्यायच्या आधी एक काम कर, दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटचं कानांमधलं आतलं अंतर, पिनचा व्यास आणि पिनपासून टाच टेकते तिथपर्यंतचं माप व्हर्नियरने घेऊन फोटोसकट सांग. डाव्या आणि उजव्या बाजूचं वेगवेगळं मोज, बऱ्याच गाड्यांना ते सारखं नसतं.